रोकड आटली तेव्हा: नायजेरियातले तरुण पीओएस एजंट आणि २०२३ ची नोटाटंचाई

तरुणांच्या हाताला काम मिळावं म्हणून आज जे उपाय सुचवले जातात, त्यांत डिजिटल पेमेंट एजंट होणं, म्हणजे बँकेऐवजी रस्त्यावरच लोकांना खात्यातली रोकड काढून देणं आणि त्यांचे पैसे भरून घेणं, हा उपाय बराच वर असतो. त्याचं आकर्षण समजण्यासारखं आहे. पदवीची अट नाही, गाळा भाड्याने घ्यावा लागत नाही, माल भरून ठेवायचा नाही. एक पीओएस मशीन (कार्ड घालून व्यवहार करायचं यंत्र), थोडं भांडवल आणि वर्दळीचा कोपरा मिळाला की धंदा सुरू. सरकारी खाती, देणगीदार संस्था, फिनटेक कंपन्या, सगळ्यांनाच हे चित्र आवडतं.

ते कितपत खरं आहे हे तपासायचं असेल तर नायजेरियाकडे बघावं. तिथे ही कल्पना योजनेच्या कागदावर राहिली नाही. लाखो तरुणांनी हा धंदा केला आणि आजही करतात. आणि तिथेच २०२३ च्या पहिल्या तीन महिन्यांत या धंद्याची आतली बाजू उघडी पडली. देशातली रोकडच आटली. लोकांना रोकड काढून देणं हाच ज्यांचा धंदा, त्यांच्याकडचा मालच संपला.

धंदा उभा कसा राहिला

नायजेरियाच्या केंद्रीय बँकेने एजंट बँकिंगचे नियम २०१३ मध्ये काढले, पण खरी गती आली ती २०१८ नंतर. त्या वर्षी केंद्रीय बँक आणि व्यापारी बँकांनी मिळून ‘सानेफ’ हा उपक्रम सुरू केला आणि देशभर पाच लाख एजंट तयार करायचं ठरवलं. ओपे, मोनीपॉइंट, पामपे अशा कंपन्याही बाजारात उतरल्या आणि मशीन वाटण्याची चढाओढ लागली.

गिऱ्हाईक होतंच. एफिना या संस्थेच्या २०२० च्या पाहणीत ३६ टक्के प्रौढ कोणत्याही वित्तसेवेच्या बाहेर आढळले. ज्यांची खाती होती त्यांच्याही वाट्याला लांबची शाखा आणि एटीएमपुढची रांग. काम शोधणारे हातही कमी नव्हते. त्याच वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत सरकारी सांख्यिकी कार्यालयाने ३३.३ टक्के बेरोजगारी नोंदवली, आणि १५ ते ३४ या वयोगटात ४२.५ टक्के.

पुढे २०२३ मध्ये मोजणीची पद्धत बदलली. आठवड्यातून एक तास काम केलेला माणूसही रोजगारात धरला जाऊ लागला आणि देशाचा दर एकदम पाच टक्क्यांच्या आसपास आला. या प्रकरणात हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. दिवसभर रस्त्याकडेच्या छत्रीखाली बसून चार व्यवहार करणारी एजंट मुलगी रोजगारात, आणि चाळीस करणारीही रोजगारातच. म्हणून ‘किती तरुण एजंट झाले’ या आकड्यावर कुठल्याही योजनेचं यश मोजू नये. व्यवहार किती झाले, हाती किती राहिलं आणि वाईट महिन्यात धंदा टिकला का, हे विचारावं.

पैसे फिरले तरच पैसे

रस्त्याच्या कडेला मोठी रंगीत छत्री, खाली प्लास्टिकचं टेबल, कमरेला पैशांची पिशवी, एक वही आणि हाताच्या पंजाएवढं मशीन. ग्राहक कार्ड घालतो, पिन टाकतो. त्याच्या खात्यातले पैसे एजंटच्या वॉलेटमध्ये, म्हणजे मशीन देणाऱ्या कंपनीकडच्या तिच्या डिजिटल खात्यात, येतात आणि एजंट तेवढ्या नोटा त्याच्या हातावर मोजून ठेवते. भरणा असेल तर उलटा व्यवहार: ग्राहक नोटा देतो, एजंट आपल्या वॉलेटमधून त्याच्या खात्यात किंवा गावाकडे आईच्या खात्यात पैसे पाठवते. वरचं शुल्क ग्राहकच देतो.

टंचाईच्या आधी पाच हजार नायरा (नायजेरियाचं चलन) काढून देण्याचे शंभर नायरा हा बऱ्याच ठिकाणी रूढ दर होता. त्यातून मशीन देणारी कंपनी साधारण अर्धा टक्का, म्हणजे पंचवीस नायरा कापून घेई. हाती उरत पंचाहत्तर.

आता समजा, एका तरुणीकडे एक लाख नायरांचं भांडवल आहे आणि सकाळी ते सगळं रोख आहे. (हा हिशेब केवळ समजण्यासाठी मांडला आहे.) पाच-पाच हजार काढणारे वीस ग्राहक आले की रोकड संपली. तिची कमाई झाली दीड हजार. पैसे बुडाले नाहीत, ते वॉलेटमध्ये आहेत. पण एकविसाव्या ग्राहकाला द्यायला तिच्या पिशवीत काही नाही. आता तिला पुन्हा रोकड हवी. एक वाट बँकेची: टेबल बंद ठेवा, रांगेत उभं राहा, जाण्यायेण्याचं भाडं भरा. दुसरी वाट कितीतरी चांगली. आसपासचे भाजीवाले, कपडेवाले, वाहनचालक दिवसभराचा गल्ला तिच्याकडेच भरायला आले तर रोकड आपण होऊन परत येते, आणि भरण्याचंही शुल्क मिळतं. दिवसातून भांडवल दोनदा फिरलं की दीड हजाराचे तीन हजार होतात.

या धंद्याचं मर्म इथे आहे. कमाई भांडवलाच्या आकारावर जेवढी अवलंबून, त्याहून जास्त ते दिवसातून किती वेळा फिरतं यावर. त्यामुळे चांगली एजंट कोण, तर जिला गल्ल्या-बाजाराची लय कळते ती. कुठल्या दुकानात कधी रोकड साठते, पगाराच्या आठवड्यात किती लागेल, शुक्रवारी बँक बंद व्हायच्या आत किती काढून ठेवावी, हे कौशल्य कुठल्याही दोन दिवसांच्या प्रशिक्षणात शिकवलं जात नाही. ते कळायला काही महिने टेबलावर बसावं लागतं. तरुणांना ‘उद्योजकता’ शिकवायची असेल तर ती हीच आहे आणि ती खरीखुरी आहे. हा धंदा मला मोलाचा वाटतो तो त्यामुळेच.

नुकसान होतं तेही याच जागी. व्यवहार फेल जातो: मशीनमधून ‘डिक्लाइन्ड’ असा थर्मल कागद बाहेर येतो आणि त्याच क्षणी ग्राहकाच्या फोनवर पैसे कटल्याचा मेसेज वाजतो. ग्राहक म्हणतो, माझे पैसे गेले, नोटा दे. एजंटच्या वॉलेटमध्ये मात्र काहीच आलेलं नसतं. दयेपोटी किंवा भांडणाला घाबरून तिने नोटा दिल्या, तर बँकेने पुढे ग्राहकाच्या खात्यात पैसे परत केल्यावर तो ग्राहक पुन्हा दिसेलच याची खात्री नाही. पीओएसवर असे अडकलेले पैसे ७२ तासांत परत करावेत, असा केंद्रीय बँकेचा २०२० चा आदेश आहे. पण एजंटने दुसऱ्यासाठी पाठवलेले वीस हजार वाटेत अडकले, तर नियमातले ७२ तास म्हणजेसुद्धा तिच्या भांडवलाचा पाचवा हिस्सा तीन दिवस निजलेला. मोठ्या कंपनीला तीन दिवस म्हणजे काही नाही. तिला ते आठवड्याच्या कमाईवर पडतात.

खोटे मेसेज दाखवून नोटा घेऊन जाणारे, संध्याकाळी पिशवीवर डोळा ठेवणारे, हे धोके वेगळेच. शिवाय कंपन्या व्यवहारांचं टार्गेट लावतात. ते भरलं नाही तर मशीन परत जाऊ शकतं.

छत्री कोणाची, बसतं कोण

दुरून पाहिलं तर प्रत्येक छत्रीखाली एक तरुण मालक आहे असं वाटतं. तसं नाही. बऱ्याच टेबलांवर पगारी माणूस बसतो, बहुतेकदा नुकतीच शाळा संपवलेली मुलगी. मशीन, भांडवल आणि वॉलेट दुसऱ्याच्या नावावर. दिवसाच्या शेवटी रोकड आणि शिल्लक यांची बेरीज सकाळच्या रकमेशी जुळली पाहिजे. तूट आली, तर ती पगारातून कापली जाण्याची भीती तिला असते. नफा मालकाचा आणि तूट तिची, असा हा करार, आणि तोही बहुधा तोंडी.

ही नोकरी वाईटच असते असं मी म्हणत नाही. इथेच शिकून, पैसे साठवून स्वतःचं मशीन घेण्याची वाट खरोखर आहे. पण दोघांना एकाच शब्दात ‘एजंट’ म्हटलं की धोका कोण उचलतो हे झाकलं जातं. २०२३ मध्ये हा फरक फार महाग पडला.

नोटा गेल्या कुठे

२६ ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्रीय बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर गॉडविन एमेफिले यांनी २००, ५०० आणि १००० नायरांच्या नोटा नव्या रूपात आणण्याची घोषणा केली. चलनात असलेल्या ३.२ लाख कोटी नायरांपैकी सुमारे २.७ लाख कोटी बँकांच्या बाहेर आहेत, हे एक कारण त्यांनी दिलं. नव्या नोटा १५ डिसेंबरपासून येणार आणि जुन्या ३१ जानेवारी २०२३ ला रद्द होणार होत्या. सोबत रोख काढण्यावर मर्यादाही आल्या.

जुन्या नोटा लोकांनी बँकेत भरल्या. नव्या त्या प्रमाणात आल्याच नाहीत. डिसेंबरअखेर तीन लाख कोटींच्या आसपास असलेलं चलन फेब्रुवारीअखेर ९८ हजार कोटींवर आलं, म्हणजे जवळपास एक तृतीयांशावर. आपल्याकडच्या २०१६ च्या नोटाबंदीच्या रांगा आठवणाऱ्याला पुढचं सांगायला नको. फरक एवढाच की नायजेरियात त्या रांगांचं दुसरं टोक एजंटच्या टेबलाशी होतं.

मुदत १० फेब्रुवारीपर्यंत वाढली. काही राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने ८ फेब्रुवारीला मुदत थोपवून धरली, तर १६ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष मुहम्मदू बुहारी यांनी फक्त जुनी २०० ची नोट चालेल असं जाहीर केलं. २५ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती, त्यामुळे वातावरण आधीच तापलेलं. बेनिन सिटी, वारी, इबादान इथे लोक रस्त्यावर आले, बँकांच्या शाखांवर हल्ले झाले. शेवटी ३ मार्चला न्यायालयाने जुन्या नोटा ३१ डिसेंबरपर्यंत वैध ठरवल्या, आणि केंद्रीय बँकेने तसं स्पष्ट सांगायला १३ मार्च उजाडला. त्या तिमाहीत देशाची वाढ ३.५२ वरून २.३१ टक्क्यांवर आली. सांख्यिकी कार्यालयाने त्याचं कारण म्हणून रोकड टंचाईचं नाव घेतलं.

या गोंधळात एजंटांना अधिकृत भूमिकाही देण्यात आली होती. २३ जानेवारीपासून ग्रामीण भागात एजंटांमार्फत जुन्या नोटा बदलून द्यायच्या, माणशी दहा हजारांपर्यंत, असा कार्यक्रम केंद्रीय बँकेने सुरू केला. शाखा जिथे नाहीत तिथे एजंट आहेत, त्यांच्याकरवीच नव्या नोटा पोहोचवा, हा विचार योग्य होता. मात्र एजंटपर्यंत पुरेशा नोटा पोहोचायला हव्या होत्या. तिथेच साखळी तुटली.

वीस टक्क्यांची लूट?

फेब्रुवारीत बातम्यांमधून एकच चित्र येत होतं: पीओएसवाले लोकांना लुटताहेत. रोख काढून देण्याचे दहा-वीस टक्के, कुठे त्याहूनही जास्त. दर खरे होते आणि ते देणाऱ्यांची होरपळही खरी होती. औषधाला पाच हजार हवे असलेल्या माणसाने हजार नायरा शुल्क देणं ही साधी गोष्ट नाही. पण एजंटच्या बाजूचा हिशेब मांडल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही.

वरच्याच तरुणीचं उदाहरण पुढे नेऊ. बँकेच्या खिडकीवर माणशी दिवसाला वीस हजारांची मर्यादा होती, आणि तेवढेही बऱ्याचदा मिळत नव्हते. समजा तिला वीस हजार मिळाले. जुन्या दराने चार ग्राहक, तीनशे नायरा कमाई; बँकेच्या रांगेत अर्धा दिवस गेला तो निराळा. या दराने टेबल लावण्यात अर्थ नाही. म्हणून अनेकांनी छत्र्या मिटल्या.

ज्यांनी चालू ठेवलं त्यांनी रोकड विकत घेतली. पेट्रोल पंपांवर, मोठ्या दुकानांत, बाजारातल्या व्यापाऱ्यांकडे नोटा येत होत्या आणि त्या जास्तीचे पैसे घेऊन विकल्या जात होत्या. समजा तिने वीस हजारांच्या नोटा दहा टक्के जास्त देऊन घेतल्या आणि पाच हजारांमागे हजार शुल्क लावलं. चार ग्राहकांचे चार हजार, त्यातून कंपनीचे शंभर गेले, नोटांसाठी मोजलेले दोन हजार गेले. उरले एकोणीसशे. साध्या दिवशी, दोनदा भांडवल फिरवून, शंभरच्या दराने ती तीन हजार कमवत होती. म्हणजे दहापट शुल्क लावूनही तिची कमाई घटली, आणि वर गल्लीत ‘लुटारू’ हे नाव मिळालं.

मी तिची वकिली करत नाही. काहींनी संधी साधून भरपूर कमावलं, त्यात शंका नाही. पण कमावलं ते मुख्यतः ज्यांच्या हातात नोटांचा उगम होता त्यांनी: ज्यांची बँकेत ओळख, ज्यांचा पंप, ज्यांचं मोठं दुकान. टेबलावरचा तरुण साखळीच्या शेवटी होता आणि लोकांचा राग पहिल्यांदा त्याच्यावर निघत होता. रांगेतला माणूस केंद्रीय बँकेवर ओरडू शकत नाही. समोर बसलेल्या मुलीवर ओरडतो.

रोकड नाही म्हणून सगळा देश फोनवरून पैसे पाठवू लागला. बँकांच्या यंत्रणांना तो भार झेपला नाही. पाठवलेले पैसे तासन् तास, कधी काही दिवस, लटकू लागले. एजंटच्या दोन्ही बाजू एकदम आखडल्या: पिशवीत नोटा नाहीत आणि वॉलेटमधले पैसे वाटेत. ज्यांनी भांडवल उसनं घेतलं होतं, त्यांचा हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच होता.

तरले ते ज्यांचे आधीपासून ठोक व्यापाऱ्यांशी, आसपासच्या दुकानांशी संबंध होते. रोज आपल्याकडे गल्ला भरणाऱ्या दुकानदाराने टंचाईतही थोड्या नोटा त्यांच्याकडे वळवल्या. शीतपेयं, मोबाइलचा रिचार्ज असं काही जोडीला विकणाऱ्यांनाही आधार मिळाला. पगारी मुलींना असा कुठलाच आधार नव्हता. छत्री मिटली की पगार थांबला.

या संकटातून डिजिटल कंपन्या मात्र मोठ्या झाल्या. लोकांनी जुन्या बँकांऐवजी नव्या ॲपवर खाती उघडली. एफिनाच्या २०२३ च्या पाहणीत वित्तसेवेबाहेरच्या प्रौढांचं प्रमाण २६ टक्क्यांवर आलेलं दिसतं. या सुधारणेत त्या टेबलांचा मोठा वाटा आहे, असं मला ठामपणे वाटतं. ज्या माणसाला बँकेचा दरवाजा ढकलायची भीती वाटते, तो छत्रीखालच्या ओळखीच्या मुलीला विचारतो.

नंतर आलेले नियम

मे २०२४ मध्ये कंपनी नोंदणी आयोगाने सगळ्या पीओएस चालकांना नोंदणी सक्तीची केली. मुदत ७ जुलै होती, ती पुढे ५ सप्टेंबरपर्यंत वाढवली. एजंटांच्या संघटनेने विरोध केला. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय बँकेने एजंटला दिवसाला एकूण बारा लाख नायरा आणि एका ग्राहकाला एक लाख, अशी रोख देण्याची मर्यादा घातली. फसवणूक आणि अपहरणाच्या खंडणीचे पैसे या वाटेने जातात, ही चिंता खोटी नाही. नोंदणीला माझा आक्षेपही नाही.

आक्षेप आहे तो ऑक्टोबर २०२५ च्या नियमांतल्या एका कलमाला. १ एप्रिल २०२६ पासून एका एजंटने एकाच मुख्य कंपनीसाठी काम करायचं. कागदावर हे नीटनेटकं दिसतं. प्रत्यक्षात एजंट टेबलावर दोन-तीन मशीन ठेवतात ते यासाठीच, की एकाचं नेटवर्क गेलं तर दुसऱ्यावर व्यवहार व्हावा. कोणती कंपनी किती कापते, अडकलेले पैसे कोण लवकर सोडवतं, हे पाहून ते काम इकडून तिकडे वळवतात. छोट्या एजंटच्या हातात तेवढीच घासाघीस आहे. केनियात मोबाइलवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा ही सेवा २००७ मध्ये सुरू झाल्यावर बरीच वर्षं एजंटांना एकाच कंपनीशी बांधून ठेवलं होतं, आणि २०१४ मध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाने ती अट काढायला लावली. नायजेरिया उलट्या दिशेने निघाला आहे. जबाबदारी कोणावर टाकायची हा प्रश्न त्याने सुटेलही, पण टेबलावरच्या माणसाची ताकद घटेल.

तरुणांसाठी अशी योजना कुठेही आखायची असेल, तर मशीन वाटण्याआधी रोकडीचं बघावं लागेल. सकाळी घेऊन संध्याकाळी फेडता येईल असं एका दिवसाचं उसनं भांडवल, बँकेच्या शाखेत एजंटांसाठी वेगळी खिडकी, आणि टंचाईत एजंटला ठरावीक नोटा मिळतीलच अशी लेखी हमी. अडकलेल्या व्यवहाराची रक्कम कंपनीने आधी एजंटच्या वॉलेटमध्ये टाकावी आणि मग बँकेशी भांडत बसावं. बारा लाखांच्या मर्यादेपेक्षा हे काम अवघड आहे, कारण त्यात धोका वरच्या माणसाकडे सरकतो. आणि नोंदणीच्या अर्जात मशीनचा मालक, ठिकाण, कंपनी यांच्याबरोबर एक रकाना गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाचाही हवा: नाव, पगार, आणि तूट आली तर ती कोण भरणार.